ॲन आर्बरचे शनिवार: मिशिगनचा 2023 चा मोसम

मिशिगनमधल्या कँटनला राहायला येऊन आम्हाला बरीच वर्षं झाली. ॲन आर्बर आमच्यापासून जेमतेम पंचवीस मिनिटांवर, तरी मिशिगन विद्यापीठाचं अमेरिकन फुटबॉलचं स्टेडियम मी आतून पाहिलं ते 2023 मध्ये, भाचा तिथे इंजिनिअरिंगला लागल्यावर. "मावशी, एक मॅच बघ. नाही आवडली तर पुन्हा म्हणणार नाही," म्हणाला. एकाच्या तीन झाल्या, आणि बाकीच्या बारा घरी टीव्हीसमोर. मिशिगनच्या संघाने पंधरापैकी पंधरा जिंकलेला मोसम माझ्या पहिल्याच वर्षी वाट्याला आला.

पहिली मॅच 2 सप्टेंबरला, ईस्ट कॅरोलायनाशी. बाहेरून बघाल तर हे स्टेडियम एवढं मोठं वाटतच नाही, कारण त्याचा बराचसा भाग जमिनीत आहे. दारातून आत शिरलं की पायाखाली एकदम दरी उघडते आणि मैदान तळाशी दिसतं. 1927 साली बांधलेलं, 1,07,601 माणसांचं. 1975 च्या नोव्हेंबरपासून, करोनाचं वर्ष सोडलं तर, इथली गर्दी एक लाखाच्या खाली गेलेली नाही. आम्ही तिकिटं घेतली होती खालच्या रांगेची, मैदानाजवळची, महागातली. ती चूक तुम्ही करू नका. खालून नुसती पाठमोरी माणसं दिसतात. वर छप्पर नाही, त्या दिवशी ऊनही कडक होतं. 30-3 ने जिंकलो एवढं कळलं, कसं जिंकलो ते नाही.

घरी आल्यावर भाच्याने कागदावर पाच वर्तुळं काढली. नियम सोपे आहेत: दहा यार्ड पुढे सरकायला चार संधी, सरकलात तर पुन्हा चार. पण ते सरकणं होतं या पाच जणांच्या जोरावर. मधे सेंटर, त्याच्या दोन बाजूंना गार्ड, कडेला टॅकल. सेंटर सुरुवातीला चेंडू मागे देतो तेवढं सोडलं तर यांच्या हातात चेंडू जवळजवळ कधीच येत नाही. समोरच्यांना रेटून मागून पळणाऱ्यासाठी वाट करून द्यायची, हे त्यांचं काम. "चेंडू बघू नकोस, 65 नंबर बघ," तो म्हणाला. 65 नंबर म्हणजे उजव्या बाजूचा गार्ड, झॅक झिंटर, संघाच्या कर्णधारांपैकी एक. लहानपणी गावच्या जत्रेत कबड्डीची साखळी बघितली असेल तर हा खेळ तुम्हाला अर्धा आलाच. साखळीत एकाने हात सोडला की सगळं फुकट, तसंच इथे.

पुढची मॅच 4 नोव्हेंबरला, पर्ड्यूशी, रात्रीची. या वेळी तिकिटं वरच्या रांगेची, निम्म्याहून कमी पैशांत. वरून सगळा पट दिसतो. पाच जण एकदम डावीकडे सरकतात, झिंटर मागून वळून पलीकडे जातो, मधे फट पडते आणि चेंडू घेऊन पळणारा ब्लेक कोरम त्या फटीतून निघतो. ती फट मला त्याच्या आधी दिसायला लागली तेव्हा मी अक्षरशः उभी राहून ओरडले. 41-13. आईवडिलांना घेऊन जाणार असाल तरी वरच्याच रांगा घ्या. त्या दारांच्या पातळीजवळ आहेत, खालून परत चढून यायचे जिने वाचतात.

आठवड्याने पेन स्टेटला त्यांच्या घरी 24-15 हरवलं. मिशिगनवर प्रतिस्पर्ध्यांच्या डावांच्या खुणा चोरल्याचा आरोप, त्यावरून प्रशिक्षक जिम हार्बॉ यांना शेवटच्या तीन साखळी सामन्यांत मैदानावर यायला बंदी, आणि सहायक प्रशिक्षक शेरोन मूर यांच्यावर ऐनवेळी आलेली जबाबदारी. आरोप गंभीर होते आणि घरात त्यावर वादही झाले. पण त्या सामन्यात मिशिगनने सलग 32 वेळा चेंडू हातात घेऊन पळायचाच डाव टाकला. समोरच्याला माहीत आहे काय येणार, तरी थांबवता येत नाही. त्या पाच जणांची इतकी मोठी तारीफ दुसरी नसेल.

आणि मग 25 नोव्हेंबर. मिशिगनचा जुना प्रतिस्पर्धी ओहायो स्टेट. दोन्ही संघ तोवर अपराजित. तिकीट सप्टेंबरच्या कितीतरी पट. सकाळी साडेसातला निघालो, एम-14 महामार्गाने येऊन मेन स्ट्रीटवर उतरलो. गाडी शहरातच लावली आणि अर्धा तास चालत गेलो. स्टेडियमसमोर पायोनियर हायस्कूलच्या आवारात पार्किंग मिळतं, पण तिथून बाहेर पडायला फार वेळ जातो. चालण्यात फायदा आणखी एक: हूवर स्ट्रीटवर रेवेली हॉलमधून विद्यापीठाचा बँड वाजत निघतो आणि स्टेडियमपर्यंत जातो. ते चुकवू नका. आमच्याकडे गणपतीच्या मिरवणुकीत ढोलाचा ठोका छातीत बसतो तसा तिथे ट्युबा या मोठ्या पितळी वाद्यांचा बसतो.

थंडी शून्याच्या आसपास. बसायला पाठ नसलेले बाक, पायाखाली सिमेंट, गारवा तळव्यातून चढतो. मोजे दोन जोड, आत थर्मल, वर लोकरी टोपी. हँडबॅग गाडीतच ठेवा, आणि काय आत नेता येतं ते त्या वर्षीचं वाचूनच निघा. तिकीट फोनवर असतं. ते घरूनच उतरवून ठेवा. लाखभर फोन एका जागी आले की नेटवर्क बसतं. माझ्या मिस्टरांची नि माझी मध्यंतरात चुकामूक झाली, आणि अर्धा तास ना फोन लागला ना मेसेज गेला. भेटायची जागा आधी ठरवा, दाराच्या क्रमांकासकट. खाऊन जा: आम्ही गाडीशी तिखटमिठाच्या पुऱ्या आणि थर्मासमधला आल्याचा चहा घेतला. शेजारी ग्रिल लावलेल्या कुटुंबाने पुऱ्या मागून घेतल्या आणि आम्हाला भाजलेली कणसं दिली.

सामन्याच्या चार भागांपैकी तिसऱ्यात, म्हणजे तिसऱ्या क्वार्टरमध्ये, 17-17 अशी बरोबरी असताना झिंटर पडला. उठेना. पाय मोडलाय हे वरूनही कळत होतं. सगळा संघ त्याच्याभोवती गोळा झाला आणि एक लाख दहा हजार माणसांत खोकल्याचा आवाज ऐकू यावा अशी शांतता. गाडीवरून नेताना त्याने अंगठा वर केला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तीन महिने मी खेळ त्याच्याच अंगाने बघत होते. त्याच्या जागी कार्सन बार्नहार्ट सरकला, बार्नहार्टच्या जागी ट्रेंट जोन्स आला, आणि पुढच्याच डावात फट पडली. कोरम 22 यार्ड पळत थेट टचडाऊन, म्हणजे चेंडू घेऊन शेवटच्या रेषेपार. मग त्याने बोटांनी सहा आणि पाच दाखवले, झिंटरचा 65. शेजारच्या अनोळखी आजोबांनी मला मिठी मारली.

30-24. शेवटच्या अर्ध्या मिनिटात मिशिगनच्या रॉड मूरने ओहायोचा पास मधेच पकडला, आणि तिथे संपलं.

पुढचं सगळं टीव्हीवर. इंडियानापोलिसला आयोवावर 26-0. 1 जानेवारीला पासाडेनाला अलाबामा, जादा वेळेत 27-20. शेवटच्या डावात अलाबामाचा क्वार्टरबॅक, म्हणजे एरवी चेंडू फेकणारा, मधूनच घुसला आणि मिशिगनच्या भिंतीने त्याला तिथेच गाडलं. 8 जानेवारीला ह्यूस्टनला अंतिम सामन्यात वॉशिंग्टनवर 34-13, त्यात 303 यार्ड नुसते पळून. 1997 नंतरचं पहिलं राष्ट्रीय विजेतेपद.

भारतातून येणाऱ्यांसाठी: डेट्रॉइटचं विमानतळ ॲन आर्बरपासून अर्ध्या तासावर आहे, पण ओहायोच्या आठवड्यात हॉटेलं फार आधी भरतात. पहिल्यांदा जात असाल तर सप्टेंबरमधला एखाद्या छोट्या कॉलेजाविरुद्धचा सामना निवडा. तिकीट स्वस्त, हवा बरी. एकच करा: पहिला क्वार्टर चेंडूकडे अजिबात बघू नका. 65 नंबर आता तिथे नाही, क्लीव्हलँडने त्याला व्यावसायिक संघात घेतलं. पण त्या पाच जागा तिथेच आहेत. उजवा गार्ड निवडा आणि त्याच्या पायांवर नजर ठेवा.