टॅलीतून एसक्यूएलकडे: अकाउंट्सवाल्यांनी डेटा ॲनालिटिक्समध्ये कसं शिरावं

अकाउंट्समध्ये पाच-सात वर्षं काढलेली माणसं डेटा ॲनालिटिक्सकडे वळताना बहुतेकदा चुकीच्या टोकाने सुरुवात करतात. आधी पायथन, मग मशीन लर्निंग, मग टायटॅनिकच्या प्रवाशांवरचा सगळ्यांनी केलेला तोच प्रोजेक्ट. मुलाखतीत समोरचा विचारतो, "दोन टेबल जोडल्यावर विक्रीचा आकडा दुप्पट का झाला?" आणि तिथेच घोडं अडतं. खरं तर हा प्रश्न अकाउंट्सवाल्याच्या हक्काचा. दोन याद्या समोरासमोर ठेवायच्या, न जुळणारी ओळ शोधायची आणि तिचं कारण सांगायचं, हे तो दर महिन्याला करतोच. म्हणून शिकायला सुरुवातही टू-बीच्या रेकोपासून करावी, म्हणजे पुरवठादारांनी भरलेल्या बिलांवरून जीएसटी पोर्टलवर आपोआप बनणारी जीएसटीआर-टू-बी ही यादी आपल्या खरेदीच्या नोंदींशी जुळवून. १ जानेवारी २०२२ पासून पुरवठादाराने भरलेलं बिल आपल्या टू-बीत दिसल्याशिवाय इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर दिलेल्या जीएसटीची वजावट, घेता येत नाही. त्यामुळे या जुळवणीवर खरा पैसा अवलंबून असतो, आणि मुलाखत घेणाऱ्यालाही ते पटकन कळतं.

साधनं तीनच पुरेत: पोस्टग्रेस (एसक्यूएल या भाषेत प्रश्न विचारून माहिती काढायचा डेटाबेस), एक्सेलमधलं पॉवर क्वेरी (फाइल आत घेऊन साफ करायला) आणि पॉवर बीआय डेस्कटॉप (आलेख आणि अहवाल बनवायला). शेवटचं फुकट आहे, पण फक्त विंडोजवर चालतं. मायएसक्यूएल हा दुसरा डेटाबेस का नको? रेकोला फुल आउटर जॉइन, म्हणजे दोन्ही टेबलांतल्या न जुळलेल्या ओळीही राखणारी जोडणी, लागते आणि ती मायएसक्यूएलमध्ये नाही. लेफ्ट आणि राइट जॉइन युनियनने जोडून काम भागवावं लागतं. नोकरी सांभाळून रोज दीड तास देणार असाल तर एसक्यूएलला तीन महिने आणि पॉवर बीआयला दीड महिना धरा. पायथन त्यानंतर. पायथन येत नाही म्हणून पहिली नोकरी सहसा अडत नाही, एसक्यूएल येत नाही म्हणून हमखास अडते.

निम्मा घोळ फाइल आत घेतानाच होतो. सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामांनी कॉलम वेगळे केलेली साधी मजकूर फाइल) डबल-क्लिक करून एक्सेलमध्ये उघडू नका. एक्सेल आकड्याचे पहिले १५ अंकच जपतं, त्यामुळे १६ अंकी खाते क्रमांकाचा शेवटचा अंक शून्य होतो आणि फाइल सेव्ह केली की गेला तो गेलाच. '००४५' हा बिल क्रमांक '४५' होतो, '३-४' ची तारीख होते. संगणकाची तारीख अमेरिकी पद्धतीवर असेल तर ०४/०७ ही ४ जुलै न राहता ७ एप्रिल होते. कॉलममधल्या १३ ते ३१ तारखा मजकूर होऊन डावीकडे चिकटलेल्या दिसल्या, तर १ ते १२ तारखा गुपचूप उलटल्या आहेत असं समजा. म्हणून डेटा टॅबमधून 'फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही' घ्या, 'ट्रान्सफॉर्म डेटा'मध्ये जा आणि आपोआप लागलेली 'चेंज्ड टाइप' ही पायरी आधी उडवा. मग जीएसटीआयएन (पुरवठादाराचा जीएसटी नोंदणी क्रमांक), बिल क्रमांक आणि खाते क्रमांक टेक्स्ट करा. तारखेला 'युजिंग लोकेल' वापरून भारत निवडा. पार्ट्यांची मराठी नावं विचित्र खुणांसारखी दिसत असतील तर फाइल ओरिजिन ६५००१, म्हणजे यूटीएफ-८ ठेवा.

आता एक ओळ म्हणजे नेमकं काय, ते ठरवा. या कामात याहून महत्त्वाचा प्रश्न नाही. एका बिलात ५ आणि १८ टक्क्यांचा माल असेल तर पर्चेस रजिस्टरमध्ये त्याच्या दोन ओळी पडतात. टू-बीतही दराप्रमाणे दोन ओळी असतील आणि तुम्ही फक्त बिल क्रमांकावर जोडलंत, तर दोन गुणिले दोन अशा चार ओळी तयार होतात आणि कराची बेरीज दुप्पट येते. मुलाखतीतल्या त्या प्रश्नाचं उत्तर हेच. दोन्ही बाजू ग्रुप बाय करून, म्हणजे एका बिलाच्या ओळींची बेरीज एकत्र करून, आधी 'एक बिल, एक ओळ' अशा करा, मगच जोडा. जोडण्याआधी आणि नंतर ओळींची संख्या आणि कराची बेरीज तपासा. ट्रायल बॅलन्स जुळल्याशिवाय पुढे न सरकणाऱ्याला ही सवय वेगळी शिकवावी लागत नाही.

जुळवायचं कशावर? जीएसटीआयएन बरा असतो: १५ अक्षरं, पहिली दोन राज्याची (महाराष्ट्र २७, गोवा ३०), पुढची दहा पॅनची. लांबी तपासली की बराच कचरा निघतो. खरी डोकेदुखी बिल क्रमांकाची. नियमाप्रमाणे तो १६ अक्षरांपर्यंत असतो आणि त्यात आडवी रेघ व तिरपी रेघ चालते. पुरवठादार 'एबी/००१२/२५-२६' भरतो, आपला ऑपरेटर नुसतं '१२' टाकतो. सगळी चिन्हं आणि पुढची शून्यं काढून टाकली की जुळेल असं वाटतं, पण मग '१/१२' आणि '११/२' ही दोन वेगळी बिलं एकच '११२' होतात. म्हणून मूळ कॉलम तसाच ठेवा आणि फेऱ्या करा. पहिली फेरी तंतोतंत क्रमांकावर. दुसरी साफ केलेल्या क्रमांकावर, सोबत आर्थिक वर्ष धरून, कारण एप्रिलमध्ये बऱ्याच जणांचे क्रमांक पुन्हा १ पासून सुरू होतात. उरलेल्यांची तिसरी फेरी जीएसटीआयएन, करपात्र रक्कम आणि जवळपासची तारीख यांवर. या जुळण्यांना 'संशयित' असा शिक्का मारून त्या हाताने पाहा. रुपयाभराचा फरक राउंडिंगचा समजून सोडा.

न जुळलेल्या ओळींपुढे कारण लिहायचं असतं, आणि नुसता कोर्स केलेला मुलगा इथे मागे पडतो. बिल आपल्या हिशेबाच्या पुस्तकांत आहे, टू-बीत नाही: पुरवठादाराने जीएसटीआर-वन (त्याच्या विक्रीचं विवरणपत्र) ११ तारखेनंतर भरला असेल, म्हणजे ते पुढच्या महिन्यात दिसेल, किंवा तो तिमाही भरणारा असेल आणि त्याने तिमाहीच्या पहिल्या दोन महिन्यांत आयएफएफ, म्हणजे बिलं आधीच कळवायची सोय, वापरली नसेल. टू-बीत आहे, पुस्तकात नाही: बिल अजून आपल्यापर्यंत आलं नसेल, किंवा दुसऱ्याच कुणासाठीचं बिल चुकून आपल्या क्रमांकावर चढलं असेल. ही कारणं एका वेगळ्या कॉलममध्ये भरा. मुलाखतीत तोच दाखवायचा.

एसक्यूएलमध्ये नवख्यांना नडणाऱ्या जागा ठरलेल्या आहेत. लेफ्ट जॉइन (डाव्या टेबलाच्या सगळ्या ओळी राखणारी जोडणी) करून वेअरमध्ये, म्हणजे ओळी गाळायच्या भागात, उजव्या टेबलाची अट घातली की न जुळलेल्या ओळी गळतात. ती अट जॉइनच्या ऑनमध्ये, म्हणजे कशावर जोडायचं ते सांगणाऱ्या भागात, हवी. नॉट इनच्या ('या यादीत नसलेले') यादीत एक जरी नल (रिकामी किंमत) असला तरी उत्तरात एकही ओळ येत नाही. तिथे नॉट एक्झिस्ट्स वापरा. पोस्टग्रेसमध्ये पूर्णांकाला पूर्णांकाने भागलं की अपूर्णांक उडतो आणि टक्केवारी शून्य येते. विंडो फंक्शनपैकी (आजूबाजूच्या ओळी पाहून प्रत्येक ओळीसाठी उत्तर काढणारी सूत्रं) रो नंबर आणि लॅग ही दोन हातात बसवा: पहिल्याने दुबार नोंदी सापडतात, दुसऱ्याने मागच्या महिन्याशी तुलना होते.

पॉवर बीआयमध्ये आपलं एप्रिल-मार्च वर्ष त्याला सांगावं लागतं. टोटल वायटीडी या वर्षाच्या सुरुवातीपासूनची बेरीज देणाऱ्या सूत्राला वर्षअखेर ३१ मार्च दिली नाही तर बेरीज जानेवारीपासून होते. महिने एप्रिल, ऑगस्ट, डिसेंबर असे इंग्रजी अक्षरक्रमाने लागतात. एप्रिलला १ देणारा कॉलम करून 'सॉर्ट बाय कॉलम' लावा. रंग आणि वर्तुळाकार आलेखांवर वेळ घालवू नका.

प्रोजेक्टसाठी कंपनीची फाइल घरी नेऊ नका, नावं पुसूनही नाही. प्रोप्रायटरच्या जीएसटीआयएनमध्ये त्या माणसाचा स्वतःचा पॅन असतो. बनावट डेटा तयार करा आणि वरच्या सगळ्या चुका त्यात मुद्दाम पेरा. दुसरा प्रोजेक्ट हवा असेल तर ॲगमार्कनेट या बाजारभावांच्या सरकारी संकेतस्थळावरचे लासलगावच्या कांद्याचे भाव घ्या. त्यात आवक आणि क्विंटलचा किमान, कमाल व सर्वसाधारण भाव मिळतो. बाजार बंद असलेला दिवस म्हणजे शून्य भाव नव्हे, आणि महिन्याची सरासरी आवकेच्या वजनाने काढायची.

नोकरी शोधताना 'डेटा ॲनालिस्ट' एवढंच टाइप केलंत तर गर्दीत उभे राहाल. एमआयएस (व्यवस्थापनासाठीचे अहवाल) एक्झिक्युटिव्ह, रिपोर्टिंग ॲनालिस्ट, फायनान्स ॲनालिस्ट, टॅक्स टेक्नॉलॉजी हेही शोधा. जाहिरातीच्या मजकुरात एसक्यूएल असेल तर अर्ज करा. सगळ्यात सोपी उडी आपल्याच कंपनीत असते: अकाउंट्समधून एमआयएसमध्ये बदली मागा. पगार लगेच वाढणार नाही, पण बायोडेटावर पद बदलतं. 'प्लेसमेंट गॅरंटी'वाल्या क्लासला लाखाच्या घरात फी भरण्याआधी त्या गॅरंटीच्या अटी लेखी मागा. वयाची, आधीच्या पगाराची, हजेरीची अट बहुधा त्यातच असते.