कानबाईचा फोटो मावशीला गुरुवारी दिसला

मागच्या श्रावणात कानबाई, आमची खान्देशातली देवी, घरी बसवली त्या रविवारी रात्री मी फोटो टाकला होता, नारळाला नथ घातलेली, समोर रोट, मागे गाणी म्हणणाऱ्या काकू, सगळं. सोमवारी सकाळी वाजतगाजत बोरी नदीवर विसर्जन करून आलो, घर आवरलं, पाहुणे गेले पण. आणि गुरुवारी उधन्याहून मावशीची कमेंट, "आज शे का व माय कानबाई?" मावशीला 30 वर्षं झाली सुरतला, त्या वर्षी तिला येता आलं नव्हतं आणि तिला वाटलं आत्ता चालू आहे, मी फोन केला तर रडायला लागली. तिचा काय दोष, तिला त्या साईटने दाखवलंच गुरुवारी.

त्या साईटचं नाव लिहीत नाही. मी तिथे 6 वर्षं अहिराणी शब्दांचं एक पेज चालवत होते. मोठी माय, म्हणजे आजी, बोलायची ते शब्द, आंडेर म्हणजे मुलगी, आंडोर म्हणजे मुलगा, बठ्ठा म्हणजे सगळा, घट्या म्हणजे जातं, असे रोज एक, सोबत वाक्य. सुरुवातीला खूप लोक यायचे, धुळे, नंदुरबार, शिरपूर, सुरतचे तर सगळ्यात जास्त, आणि एकेका शब्दाखाली भांडणं लागायची की आमच्याकडे असं नाही असं म्हणतात, मला तीच भांडणं सगळ्यात आवडायची. मग हळूहळू कमी होत गेलं. मी लिहीत तेवढंच होते पण लोकांना दिसत नव्हतं, आणि प्रत्येक पोस्टखाली बटण यायचं, इतके रुपये भरा आणि ही पोस्ट बूस्ट करा. म्हणजे जे माझ्याच पेजला जोडलेले त्यांनाच दाखवायला मी पैसे द्यायचे. वर अहिराणी लिहिलं की ते हिंदी समजून भाषांतर करायचं आणि काहीच्या काही छापायचं. 2011 च्या जनगणनेत खान्देशी, अहिराणी तिच्यातच धरतात, वेगळी मोजलीये, 18 लाखांच्या वर लोकांनी आपली भाषा म्हणून सांगितली, तरी आमची ही गत.

मग मी मॅस्टोडॉनवर गेले, ट्विटरसारखंच पोस्ट टाकायचं ठिकाण. ते मला माहीत नव्हतं असं नाही. 2019 च्या नोव्हेंबरात सुप्रीम कोर्टातले वकील संजय हेगडे यांचं खातं ट्विटरने बंद केलं तेव्हा त्या रागाने आपल्याकडचे बरेच जण तिकडे गेले होते, मी पण खातं काढलं, 2 दिवस बघितलं, ओळखीचं कोणी नाही म्हणून सोडून दिलं. कानबाईनंतर पुन्हा उघडलं. यावेळी नीट वाचून, भाच्याला बाजूला बसवून.

मावशीच्या सुनेला मी असं समजावलं. एकच मोठी कंपनी नाहीये, खूप सारे सर्व्हर आहेत, जशी गावं. प्रत्येक गावाची ग्रामपंचायत वेगळी, नियम वेगळे, पण पारोळ्याची पोर शिंदखेड्याला देता येते ना, व्याहीपणाला कोणाची बंदी नाही, तसं या सर्व्हरवरचा माणूस त्या सर्व्हरवरच्याला फॉलो करू शकतो. त्यासाठी सगळ्यांनी मिळून एक बोली ठरवलीये, अ‍ॅक्टिव्हिटीपब म्हणतात, 2018 मध्ये डब्ल्यूथ्रीसीने, म्हणजे वेबचे नियम ठरवणाऱ्या संस्थेने, ते स्टँडर्ड म्हणून मान्य केलं. म्हणून पत्त्यात 2 भाग असतात, आधी तुमचं नाव मग गावाचं, ईमेलसारखं. मॅस्टोडॉन स्वतः 2016 मध्ये ऑयगेन रोखको नावाच्या जर्मनीतल्या एका पोराने सुरू केलं, कोड सगळ्यांना उघडा आहे, ज्याला जमेल त्याने आपला सर्व्हर लावावा.

इथे ज्यांना फॉलो केलं त्यांच्या पोस्ट वेळेप्रमाणे दिसतात, नवी वर जुनी खाली, बस. मधे जाहिरात नाही. बूस्ट इथेही आहे पण इथे बूस्ट म्हणजे तुम्हाला आवडलं म्हणून तुम्ही पुढे पाठवलं, पैशाचा संबंध नाही. नुसतं लाइक केलं तर पोस्ट पुढे सरकत नाही, हे मला कळायला आठवडा गेला. हॅशटॅग लावायची सवय करावीच लागते, नाहीतर अनोळखी माणसाला तुम्ही सापडणार कसे, आणि अख्खा हॅशटॅगच फॉलो करता येतो, मी अहिराणी, खान्देश आणि मराठी असे 3 केलेत.

सगळं छान आहे असं मी सांगणार नाही. सर्व्हर चालवणारा माणूस खिशातून किंवा लोकांच्या देणगीवर चालवतो, थकला की बंद करतो. तुम्हाला दुसऱ्या सर्व्हरवर जाता येतं, फॉलोअर सोबत येतात, पण जुन्या पोस्ट तिथेच राहतात, म्हणून मी आता सगळे शब्द आधी वहीत लिहिते मग टाकते. आणि खाजगी मेसेज कुलूपबंद नसतात, सर्व्हरवाल्याने ठरवलं तर वाचू शकतो, तेव्हा घरातल्या गोष्टी तिथे नको, हे मी मावशीच्या सुनेला 2 वेळा सांगितलं.

खरा त्रास माणसं आणायचा झाला. जुन्या साईटवरून माझे फोटो आणि लिखाण डाउनलोड झालं, पण वाचणारे कसे डाउनलोड करणार? मग मी एक काम केलं, 6 वर्षांच्या कमेंट खालून वर वाचत गेले आणि जे खरोखर बोलायचे, शब्द सांगायचे, भांडायचे, त्यांची नावं लिहून काढली. 137 निघाले. मला हजारोंचा आकडा दिसायचा तिथे आणि खरे माझे हे 137. एकेकाला मेसेज केला, काहींना फोन, अमळनेरातल्या दोघांच्या घरी जाऊन अ‍ॅप टाकून दिलं, एका आजोबांच्या मोबाइलमध्ये जागाच नव्हती तर त्यांच्या नातवाचे गेम काढायला लावले. आले 41. बाकीचे म्हणतात सगळे तिकडेच आहेत ना ताई, आम्ही एकटे इकडे येऊन काय करू. मला त्यांचा राग येत नाही, जिथे लेकी-जावई तिथेच माणूस बसणार.

पण 41 पुरतात. परवा मी घट्या टाकला तर सटाण्याकडचे एक गुरुजी, त्यांचा सर्व्हर भलताच, त्यांनी जात्याच्या प्रत्येक भागाला त्यांच्याकडे काय म्हणतात ते लिहून पाठवलं, खुंट्यापासून पाळीपर्यंत, आणि त्यावर शिरपूरच्या बाई म्हणाल्या चूक आहे. रात्री साडेअकरापर्यंत चाललं.

मावशीच्या सुनेने मावशीचं खातं काढून दिलंय. फोटो कानबाईचाच लावलाय, तो मागच्या वर्षीचा. तिने अजून काही लिहिलं नाही, पण रोज सकाळी माझी पोस्ट पडली की 5 मिनिटांत तिचा बूस्ट येतो.