कॉन्टॅक्ट आरपार गेला

अंबडच्या एमआयडीसीतल्या एका युनिटसाठी कॉन्टॅक्टरच्या (विजेचा प्रवाह जोडणारा-तोडणारा स्विच) बाउन्सचं, म्हणजे मिटताना कॉन्टॅक्ट आपटून उसळतो त्याचं, गणित पायथनमध्ये बसवत होतो. हलता कॉन्टॅक्ट 20 ग्रॅमचा, स्प्रिंगचा दाब 5 न्यूटन धरलेला, म्हणजे त्वरण 250 मीटर प्रति सेकंद वर्ग. पहिली टक्कर 1 मीटर प्रति सेकंद वेगाने, पुढे दर टकरीला 40 टक्के वेग उरतो. दुपारी आलेख उघडला तर दोन टकरींनंतर हलता कॉन्टॅक्ट स्थिर कॉन्टॅक्टमधून आरपार निघालेला, फट उणे 3 मिलिमीटर! एरर नाही, वॉर्निंग नाही.

पहिला हात जातो सॉल्व्हरच्या (समीकरणं सोडवणारा प्रोग्रॅम) टॉलरन्सकडे, म्हणजे त्याला चालणाऱ्या त्रुटीच्या मर्यादेकडे. आम्हीही तो हजारपटीने कडक केला. काडीचा फरक पडला नाही. पडणारही नव्हता. दोन टकरींमधली उडी ही साधी पॅराबोला. पाचव्या ऑर्डरचा रुंगे-कुट्टा (वेळेच्या एकेका टप्प्याने, म्हणजे स्टेपने, पुढे जायची पद्धत) ती तंतोतंत सोडवतो, त्रुटीचा अंदाज जवळपास शून्य येतो आणि सॉल्व्हर बिनधास्त मोठी स्टेप टाकतो. इव्हेंटच्या (इथे टकरीच्या) फंक्शनचं, म्हणजे फटीचं, चिन्ह तो फक्त स्टेपच्या दोन टोकांना बघतो. बदललं तरच मधे ब्रेंटच्या पद्धतीने मूळ, म्हणजे फट शून्य होण्याचा क्षण, शोधतो. टकरीनंतर पुन्हा सुरुवात करताना फट नेमकी शून्य नव्हती, दशांशाच्या अठराव्या घरात उणे होती. आख्खी उडी एकाच स्टेपमध्ये गिळली, शेवटीही फट उणेच. चिन्ह बदललंच नाही, मग टक्कर कुठली?

फट हाताने शून्य केली तर दुसरंच दुखणं: मोठ्या स्टेपमध्ये सुरुवातीचा क्षणच मूळ म्हणून सापडतो आणि लूप तिथेच गरगरत बसतो.

इलाज असा केला. इव्हेंटला टर्मिनल खरं, म्हणजे टक्कर होताच सॉल्व्हर थांबवायचा; डायरेक्शन उणे 1, म्हणजे फट मिटतानाच मोजायची. मॅक्स-स्टेप 0.02 मिलिसेकंद, सगळ्यात छोट्या उडीच्या साधारण चौथाई. आणि उसळीचा वेग 0.01 मीटर प्रति सेकंदाखाली गेला की उडी नाही. कॉन्टॅक्ट चिकटला मानून वेग शून्य करायचा. हा उंबरठा नसेल तर टकरी संपतच नाहीत, उड्या आखूड होत मर्यादित वेळातच अनंत टकरी कोंबल्या जातात.

सहाव्या टकरीला कॉन्टॅक्ट बसला, पहिलीनंतर 5.28 मिलिसेकंदांनी. पडताळा कागदावर: पहिली उडी 3.2 मिलिसेकंद, भूमितीय श्रेढीची बेरीज 3.2 भागिले 0.6, म्हणजे 5.33. मधला फरक उंबरठ्याखाली सोडून दिलेल्या उड्यांचा.