सहा पौंडांचा विषय

'ट्रस्टी' हा शब्द मी लहानपणी ऐकला तो वैतागाच्या सुरात. बाबा कल्याणमधल्या एका छोट्या देवस्थानाचे विश्वस्त होते. एखादा विश्वस्त वारला किंवा रुसून बसला, की 'चेंज रिपोर्ट'चे कागद पिशवीत घालून त्यांच्या धर्मादाय कार्यालयाच्या खेपा सुरू व्हायच्या. "देवाला काही नको असतं, आयुक्तांनाच सगळं हवं असतं," असं ते म्हणायचे. त्यामुळे इंग्लंडमध्ये लेस्टरमधल्या एका संस्थेने मला ट्रस्टी व्हाल का असं विचारलं, तेव्हा आधी डोळ्यांपुढे आली ती बाबांची पिशवी.

संस्था अगदी लहान. चर्चच्या मागच्या हॉलमध्ये दर बुधवारी आश्रय मागणाऱ्यांसाठी इंग्रजीचा वर्ग, चहा-बिस्किटं आणि सरकारी पत्रं वाचून दाखवायला दोन माणसं, इतकाच पसारा. मी हिशेबाच्या कामातली, म्हणून खजिनदारपद माझ्या गळ्यात. माझ्याबरोबरच सुदानचे एक गृहस्थ ट्रस्टी होणार होते. तिकडे ते शाळेत गणित शिकवायचे. सगळे त्यांना 'उस्ताझ' म्हणतात, म्हणजे आपल्याकडचे 'सर'. त्यांच्या आश्रयाच्या अर्जाचा निकाल अजून लागलेला नाही. तरी ते आमच्यात हवेत, कारण वर्गात कोण का येत नाही हे आम्हाला त्यांच्याकडूनच कळतं.

सही करण्याआधी एक स्वयंघोषणापत्र भरायचं असतं. इंग्लंड-वेल्समध्ये ट्रस्टी कोण होऊ शकत नाही याची यादी कायद्यातच आहे: दिवाळखोर, मनी लाँडरिंग, लाचखोरी किंवा दहशतवादाच्या गुन्ह्यात शिक्षा झालेले, न्यायदानात अडथळा आणणारे, आणि 'अप्रामाणिकपणा किंवा फसवणूक' असलेल्या गुन्ह्यात दोषी ठरलेले. शिक्षेची ठरलेली मुदत उलटली की गुन्हा 'स्पेंट' होतो, बहुतेकांचा अडसर तिथे संपतो. मधल्या काळात चॅरिटी कमिशनकडे, म्हणजे इथल्या धर्मादाय आयुक्तालयाकडे, सूट मागता येते. यादी पूर्वी आखूड होती, २०१६ च्या कायद्याने ती लांबली आणि नवे नियम १ ऑगस्ट २०१८ पासून लागू झाले. तेव्हापासून पगारी मुख्याधिकारी आणि वित्तप्रमुखही तिच्यात येतात.

मला गंमत वाटली ती हा कायदा कसा घडला याची. मसुदा थेट सभागृहात न टाकता आधी दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे गेला. लॉर्ड होप अध्यक्ष होते, अहवाल फेब्रुवारी २०१५ मध्ये आला. मग विधेयक संसदेत आल्यावर कैद्यांच्या पुनर्वसनाचं काम करणाऱ्या संस्था तक्रार घेऊन उभ्या राहिल्या. तुरुंग पाहिलेला माणूस आम्हाला मंडळात हवा असतो, तुम्ही नेमका त्यालाच बाहेर काढताय, असं त्यांचं म्हणणं. कुठल्या माणसावर विश्वास ठेवायचा यावर इतका काथ्याकूट झालेला पाहून बाबांना हेवा वाटला असता.

उस्ताझांनी फॉर्म दोनदा वाचला. 'फसवणूक' या शब्दावर पेन टेकवून मला विचारलं, "मी दुसऱ्याच्या पासपोर्टवर देश सोडला. ही फसवणूक ना?"

मी गप्प. खरं सांगायचं तर मला उत्तर येत नव्हतं. घरी येऊन वाचत बसले. १९५१ च्या निर्वासित कराराचं ३१ वं कलम सांगतं की जिथे जिवाला धोका आहे तिथून थेट आलेल्या, स्वतःहून लगेच हजर झालेल्या आणि सबळ कारण देणाऱ्या निर्वासिताला बेकायदा येण्याबद्दल शिक्षा करू नये. ब्रिटनने करारावर सही केली, पण खोट्या कागदांवर आलेल्यांवर खटले भरत राहिला. १९९९ मध्ये अदिमी खटल्यात इथल्या हायकोर्टाने सरकारचे कान उपटले, आणि त्याच वर्षीच्या कायद्यात असा बचाव करण्याची सोय करावी लागली. २०२२ च्या कायद्याने पुन्हा उलटा पेच टाकला: लागणारी परवानगी न घेता नुसतं इथे पोहोचणं हाही गुन्हा, चार वर्षांपर्यंत कैद.

उस्ताझांवर कधी खटलाच झाला नव्हता, तेव्हा फॉर्मपुरता प्रश्न मिटला. पण दोन कायदे शेजारी ठेवून पाहिले की अस्वस्थ व्हायला होतं. जीव वाचवताना बोललेलं खोटं आणि संस्थेचे पैसे खाताना बोललेलं खोटं, 'फसवणूक' या एका शब्दात दोन्ही बसतात. एखाद्यावर खटला झालाच, आणि वकिलाने त्या बचावाची आठवण करून दिली नाही, तर तो दोषी ठरणार आणि अशा टेबलाभोवतीची त्याची खुर्चीही जाणार.

ट्रस्टी कोण होऊ शकत नाही त्या यादीत व्हिसाबद्दल मात्र अक्षर नाही. म्हणजे उस्ताझ संस्थेच्या खात्यावर देखरेख करू शकतात, ताळेबंदाला मान्यता देऊ शकतात. पण त्याच हॉलची फरशी पगार घेऊन पुसू शकत नाहीत. आश्रयाच्या अर्जाला बारा महिने होऊन गेले आणि उशीर अर्जदाराचा नसेल तरच कामाची परवानगी मागता येते, तीही सरकारने ठरवून दिलेल्या मोजक्या व्यवसायांत. २००२ पर्यंत सहा महिन्यांनी मिळायची, ती सवलत काढून घेतली. धर्मादाय संस्थेत स्वयंसेवा करायला मुभा आहे, पण इथेही होम ऑफिसचा, म्हणजे ब्रिटिश गृहखात्याचा शब्दच्छल: 'व्हॉलंटिअरिंग' चालतं, 'व्हॉलंटरी वर्क' चालत नाही, कारण दुसऱ्यात कराराची, म्हणजे नोकरीची छटा येते. हा फरक मराठीत समजावून सांगायचा मी प्रयत्न केला, आईने फोनवर जांभई दिली.

आश्रय मागणाऱ्यांचा सरकारी भत्ता मी शेवटचा पाहिला तेव्हा आठवड्याला ४९.१८ पौंड होता, म्हणजे दिवसाला सात. बसच्या एका फेरीला तीन पौंडांपर्यंत पडतात, जाऊन-येऊन सहा. बुधवारी वर्गाला आलं की त्या दिवसाच्या जेवणाला एक पौंड उरतो. संसदेच्या मानवी हक्कांवरच्या संयुक्त समितीने २००७ मध्येच सरकारला सुनावलं होतं की आश्रय मागणाऱ्यांना कंगाल ठेवणं हे तुमचं जाणूनबुजून राबवलेलं धोरण दिसतं. समितीत सत्ताधारी पक्षाचेही लोक होते, अध्यक्ष अँड्र्यू डिस्मोर स्वतः त्याच पक्षाचे. अहवाल छापला गेला, सरकारने उत्तर दिलं, काम करण्याची बंदी आजही आहे.

मला आमचं उल्हासनगर आठवतं. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत सिंधी कुटुंबं आली, आजही लोक पत्ता सांगताना 'कॅम्प नंबर तीन' म्हणतात. त्यांना नागरिकत्व होतं, हा मोठा फरक, मान्य. पण पापड लाटायला किंवा हातगाडी लावायला त्यांना बारा महिने थांबायला कोणी सांगितलं नव्हतं.

मध्यंतरी लंडनला गेले होते तेव्हा मुद्दाम वेस्टमिन्स्टरला एका समितीची सुनावणी ऐकायला बसले. तिकीट नाही, फक्त विमानतळासारखी झडती. घोड्याच्या नालेसारखं टेबल, मधे साक्षीदार, मागे आम्ही आठ-दहा रिकामटेकडे. आश्रय मागणाऱ्यांच्या राहण्याच्या व्यवस्थेवर एका अधिकाऱ्याला प्रश्न चालले होते. एक बाई त्याला तेच आकडे तीन वेळा विचारत होत्या, अगदी गोड आवाजात, आणि तिसऱ्यांदा त्याचे कान लाल झाले. तेवढ्यात मतदानाची घंटा वाजली आणि सगळे खासदार उठून पळाले. तो मात्र पाण्याचा ग्लास धरून बसून राहिला. परीक्षा संपल्यासारखं वाटावं आणि पर्यवेक्षकांनी पुरवणी आणून द्यावी, तसा.

परवा आमची पहिली बैठक झाली. मी मांडलेल्या हिशेबात उस्ताझांनी बारा पौंडांची चूक काढली, बेरीज पुढच्या पानावर नेताना घसरलेली. मी खजील. मग खर्चाच्या परताव्यांचा विषय आला, स्वयंसेवकांची बसभाडी. यादीत त्यांचंही नाव होतं, सहा पौंड. त्यांनी चष्मा काढला, कागद उलटा ठेवला आणि म्हणाले, "हा माझ्या पैशांचा विषय आहे, मी बाहेर थांबतो." अध्यक्षबाई नको नको म्हणाल्या, तरी ते उठले. दाराच्या काचेतून आम्हाला त्यांची पाठ दिसत होती.

ठराव मंजूर व्हायला अर्धं मिनिट लागलं. त्यांना आत बोलवायला मी गेले, तर ते भिंतीवरची आगीची सूचना वाचत होते, बोट ठेवून, एकेक शब्द.