पाझराचं पाणी

आमच्या वाडीच्या डोक्यावर मातीचं धरण आहे. मी शाळेत होते तेव्हा बांधलं, आता माझी लेक बारावीला आहे. माझे सासरे, आम्ही सगळे त्यांना आबा म्हणतो, तिथे चौकीदार होते. ते निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी कुणी आलंच नाही. तेव्हापासून आठवड्यातून एकदा मी जाऊन बघते.

बघायचं काय, ते आबांनीच शिकवलं. खालच्या अंगाला, पायथ्याच्या दगडांतून पाणी येतं. मातीचं धरण थोडंफार पाझरतंच, त्याला भ्यायचं नाही. "किती येतंय तां बघच, पन कसा येतंय तां आदी बघ, बाय. नितळ हाय तवर निवांत झोपायचा." गढूळ झालं, म्हणजे ते धरणाच्या पोटातली माती घेऊन बाहेर पडतंय. आत बारीक नळी तयार होते आणि ती मागे मागे, साठ्याच्या दिशेने रुंदावत जाते. बाहेरून भिंत हिरवीगार, धडधाकट दिसते.

भिंतीवर वाढलेली झाडंही त्यातलीच. गेल्या काही वर्षांत उतारावर किंजळ आणि ऐन चांगले मनगटाएवढे झालेत. झाड मेलं की मूळ कुजतं आणि पाण्याला वाट मिळते. सांडव्यात, म्हणजे जादा पाणी बाहेर जायच्या वाटेत, तर करवंदीची जाळी आणि वाहून आलेला पाला. सांडवा तुंबला तर पाणी भिंतीवरून जाईल, आणि मातीची भिंत ते सोसत नाही.

2 जुलै 2019 च्या रात्री चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं. भेंदवाडी वाहून गेली. तिथल्या लोकांनी गळतीची तक्रार आधीच केलेली होती. त्या रात्रीपासून आमच्याकडे मोठा पाऊस लागला की म्हातारीकोतारी माणसं वरच्या घरांत झोपायला जातात.

यंदा पाऊस लागायच्या आधी, मेअखेरीला, मी पाझराचं पाणी काचेच्या बाटलीत भरून आणलं. पावसात भरलं तर वरून ओघळलेली माती मिसळते आणि काही कळत नाही. बाटली खिडकीत ठेवली. दुसऱ्या दिवशी तळाशी तांबूस थर बसलेला, करंगळीच्या नखाएवढा जाड. बोटावर घेऊन चोळला, पिठासारखा मऊ. गेल्या वर्षीची बाटली शेजारीच आहे, तिच्या तळाशी काही नाही. पाझराखाली धरलेली तीच बादली गेल्या मेमध्ये 50 सेकंदांत भरत होती, आता 35 मध्ये भरते. आणि धरणात पाणी तर तळाला गेलेलं!

मी बाटल्यांचे फोटो आणि आकडे लावून अर्ज दिला. पोच मिळाली, बघायला अजून कुणी आलेलं नाही. 2021 च्या धरण सुरक्षा कायद्यात 15 मीटरपेक्षा उंच धरणांची पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर तपासणी सक्तीची आहे. आमच्या धरणाच्या फलकावर उंची 18 मीटर लिहिलेली आहे. तोही फोटो अर्जाला जोडलाय. सोमवारी परत कचेरीत जाणार आहे, या वेळी वाडीतल्या 11 बायका सोबत येतायत.

तोवर रात्रीच्या पाळ्या लावल्यात. दोघं जण बॅटरी घेऊन पायथ्याशी जातात, बाटली भरतात आणि उजेडात धरून बघतात. रंग बदललेला दिसला तर देवळातली घंटा वाजवायची, असं ठरलंय. मोबाईलला पावसात रेंज नसते. आज पाळी आमच्या घराची आहे. आबांचे गुडघे दुखतात, तरी ते निघालेत. मी त्यांची काठी धरून पुढे चालणार आहे.