एव्हन्स्टनमधली एक फाईल: भरपाईच्या अर्जाचा माझा अनुभव

शिकागोच्या उत्तरेला, मिशिगन सरोवराच्या काठावर एव्हन्स्टन नावाचं शहर आहे. कृष्णवर्णीय नागरिकांवर झालेल्या अन्यायाची भरपाई सरकारी पैशातून देणारं हे अमेरिकेतलं पहिलं शहर. गांजाच्या कायदेशीर विक्रीवर शहराला मिळणाऱ्या करातून या कामासाठी १ कोटी डॉलर द्यायचे, असं इथल्या नगर परिषदेने २०१९ मध्ये ठरवलं. गांजाच्या गुन्ह्यांत वर्षानुवर्षं पकडली गेली ती प्रामुख्याने कृष्णवर्णीय मुलं, म्हणून पैसाही तिथूनच यावा, असा त्यामागचा विचार. नगरसेविका रॉबिन रू सिमन्स यांनी हा विषय लावून धरला होता. २२ मार्च २०२१ ला पहिली योजना ८ विरुद्ध १ मतांनी मंजूर झाली. पात्र ठरणाऱ्या प्रत्येकाला २५,००० डॉलर मिळणार होते, पण फक्त घरासाठी. घर घ्या, दुरुस्त करा किंवा चालू कर्ज फेडा.

त्या वर्षी आमच्याच इमारतीत खालच्या मजल्यावर राहणाऱ्या बाईंचा अर्ज भरायला मी मदत केली. बाई ऐंशीला टेकलेल्या. जन्म, शाळा, लग्न, नोकरी सगळं एव्हन्स्टनमध्येच झालेलं. मी हिशेबाची कामं करते, कागदपत्रांची मला सवय आहे, म्हणून त्यांच्या मुलीने मला विचारलं. मी लगेच हो म्हटलं, त्याला आणखीही एक कारण होतं. ते पुढे सांगते.

आधी पात्रता. योजनेत तीन गट होते. १९१९ ते १९६९ या काळात अठरा किंवा त्याहून जास्त वयाची असलेली आणि एव्हन्स्टनमध्ये राहिलेली कृष्णवर्णीय व्यक्ती पहिल्या गटात. तिला योजनेत ‘पूर्वज’ म्हटलं आहे. दुसऱ्या गटात त्यांचे थेट वंशज. तिसऱ्या गटात १९६९ नंतर शहराच्या नियमांमुळे घराच्या बाबतीत भेदभाव सोसलेले लोक. प्राधान्य पहिल्या गटाला.

इथे गुलामगिरी कुठे आली, असं मला ओळखीच्या अनेकांनी विचारलं. थेट आलेली नाही. एव्हन्स्टन मोजतं आहे ते गुलामगिरी संपल्यानंतर या शहराने स्वतः काय केलं ते. शोअरफ्रंट लेगसी सेंटरचे डिनो रॉबिन्सन आणि एव्हन्स्टन हिस्टरी सेंटरच्या जेनी थॉम्पसन यांनी शहरासाठी एक अहवाल तयार केला, त्यात हे सगळं कागदोपत्री मांडलेलं आहे. शहराच्या पश्चिमेकडच्या, कालव्याच्या कडेच्या एका पट्ट्यात कृष्णवर्णीयांना कोंबलं गेलं. तोच आजचा पाचवा वॉर्ड. शहरात इतरत्र असलेली त्यांची काही घरं तर अक्षरशः उचलून या बाजूला आणून ठेवली गेली. पुढे सरकारी गृहकर्ज संस्थेच्या नकाशात हा भाग लाल रंगला आणि बँकांनी इथे कर्ज देणं बंद केलं. दवाखान्यांची तीच गत होती. म्हणून १९१४ मध्ये डॉ. इझाबेला गार्नेट आणि त्यांचे पती आर्थर बटलर यांनी आपल्या राहत्या घरात कृष्णवर्णीयांसाठी रुग्णालय सुरू केलं. बाईंचा जन्म झाला तो याच कामातून पुढे उभ्या राहिलेल्या रुग्णालयात.

मला वाटलं होतं, जन्मच इथला, मग काम सोपं आहे. जन्मदाखला मिळालाही पटकन, त्यावर वंशाचा रकानाही होता. अडचण पुढे होती. बाईंनी अठरा पूर्ण केली १९६० मध्ये. म्हणजे १९६० ते १९६९ या नऊ-दहा वर्षांत त्या इथेच राहत होत्या, हे दाखवायचं होतं. त्या काळात त्या आणि त्यांचे यजमान भाड्याच्या खोल्यांतून राहिले. भाडं रोख, करार तोंडी, विजेचं बिल घरमालकाच्या नावावर. घर घ्यायचा त्यांनी प्रयत्न केला होता. बँकेने कर्ज दिलं नाही.

इथे मी थबकले. ज्या अन्यायाची भरपाई मागायची, त्याच अन्यायामुळे पुरावा नाहीसा झाला होता. कर्ज मिळालं असतं तर खरेदीखत असतं, कराच्या पावत्या असत्या, आणि मग भरपाईची गरजही एवढी नसती. घर घेऊ दिलं नाही त्यांच्याकडे घराचा कागद कुठून येणार?

हे मला नवीन नव्हतं, आणि हो म्हणण्यामागचं दुसरं कारण हेच. आमचं मूळ गाव सातारा जिल्ह्यातलं. माझ्या भावाच्या जात पडताळणीच्या वेळी वडिलांनी केलेली धावपळ मी लहानपणी पाहिली आहे. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा वास्तव्याचा आणि जातीचा पुरावा लागतो. आजोबांचा शाळेचा दाखला आणा, म्हणाले. आजोबांना शाळेत बसू दिलं असतं तर दाखला असता. शेवटी कोतवाल बुकात मोडीत लिहिलेली एक जन्माची नोंद सापडली, ती मोडी वाचणाऱ्याकडून लिहून घेतली, वंशावळीचं प्रतिज्ञापत्र केलं, दक्षता पथक गावात येऊन चौकशी करून गेलं. शिवताशिवत कुणी पाळली हे अख्ख्या गावाला ठाऊक होतं. ती सोसली हे मात्र आम्हाला सिद्ध करावं लागलं.

त्या अनुभवातून एक गोष्ट मी शिकले होते. स्वतःच्या नावाचा कागद नसेल तर आपलं नाव दुसऱ्या कुणाच्या कागदात ओझरतं तरी आलं असेल, ते शोधायचं. बाईंच्या बाबतीतही तेच केलं. लग्नाचा परवाना काउंटीकडे होता, त्यावर दोघांचे पत्ते. चर्चच्या नोंदवहीत मुलीच्या बाप्तिस्म्याची नोंद. एका जुन्या संस्थेने त्यांच्या नोकरीच्या नोंदी टाकून दिल्याचं सांगितलं. त्या दिवशी बाई फार खचल्या. आणि मग मुलीचा जन्मदाखला. घरात जो होता तो संक्षिप्त होता, नाव आणि तारीख एवढाच. पण मूळ नोंदीची पूर्ण प्रत मागवली तर त्यावर आईचा राहता पत्ता असतो. प्रत आली. १९६४ साल, आईचं वय २२, पत्ता एव्हन्स्टन. एकाच कागदाने दोघींचं काम झालं. आईचं प्रौढ वयातलं वास्तव्य सिद्ध झालं आणि मुलगी थेट वंशज असल्याचंही. कुणी असा अर्ज करत असेल तर पूर्ण प्रतच मागवा, संक्षिप्त दाखल्यावर थांबू नका.

अर्जाला गरज नव्हती, तरी बाईंना आणखी मागे जायचं होतं. एव्हन्स्टनमधली बरीच कृष्णवर्णीय कुटुंबं दक्षिण कॅरोलिनातल्या ॲबेव्हिल भागातून आलेली आहेत, त्यांचंही तिथलंच. जनगणनेचे कागद ७२ वर्षांनी खुले होतात, त्यामुळे तेव्हा १९४० पर्यंतचेच पाहता येत होते. तिथून मागे मागे जात आम्ही १८७० पर्यंत पोचलो. त्यांचे पणजोबा सापडले: शेतमजूर, लिहिता-वाचता येत नाही. १८६० मध्ये मात्र ते नाहीत. म्हणजे आहेत, पण कुठे ते कळत नाही. १८५० आणि १८६० मध्ये गुलामांची वेगळी यादी केली गेली. त्यात मालकाचं नाव असतं, आणि त्याखाली नुसतं वय, लिंग, रंग. नावाचा रकाना नाही. बाई त्या पानावरच्या ओळींवरून बोट फिरवत राहिल्या. यांतला आमचा कोण, हे त्यांनी मला विचारलं. मला सांगता आलं नाही.

हा तपशील मी मुद्दाम लिहिते आहे, कारण देशपातळीवरचा वाद इथेच येऊन अडतो. कॅलिफोर्निया राज्याने भरपाईच्या प्रश्नावर नेमलेल्या अभ्यासगटाने मार्च २०२२ मध्ये ५ विरुद्ध ४ मतांनी ठरवलं की भरपाई वंशावळीवर द्यावी, म्हणजे एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत असलेल्या कृष्णवर्णीयांच्या वंशजांनाच. तत्त्व म्हणून मला ते पटतं. पण गुलामगिरीतला पूर्वज नावानिशी दाखवा म्हटलं, तर १८७० ची ही भिंत अनेक अर्जदारांपुढे उभी राहील. ती ओलांडण्याचं काम अर्जदारावर टाकणं मला मान्य नाही. नोंदी सरकारच्या, जमिनीचे दस्त न्यायालयांत, मालकांच्या मृत्युपत्रांत माणसांच्या याद्या. शोधायचं सरकारने. मालकांना भरपाई द्यायची होती तेव्हा सरकारला हे सगळं जमलं होतं. १८६२ मध्ये वॉशिंग्टन शहरात गुलामगिरी बंद झाली तेव्हा केंद्र सरकारशी निष्ठावान असलेल्या मालकांना प्रत्येक माणसामागे सरासरी ३०० डॉलरपर्यंत मोजण्यासाठी आयोग बसला. त्या मालकांच्या अर्जांत गुलामांची नावं नीट लिहिलेली आहेत. ब्रिटनने १८३३ च्या कायद्याने मालकांना २ कोटी पौंड दिले आणि त्यासाठीच्या कर्जाचा उरलेला बोजा थेट २०१५ मध्ये फिटला. मुक्त झालेल्या माणसांना यातलं काहीही मिळालं नाही. इकडे अमेरिकेत १८६५ मध्ये उत्तरेच्या सैन्यातल्या जनरल शर्मनने मुक्त झालेल्या कुटुंबांना दिलेली जमीनही त्याच वर्षी अध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन यांनी जुन्या मालकांना परत देऊन टाकली.

अर्जाची मुदत नोव्हेंबर २०२१ मध्ये संपली. पहिल्या गटातच शंभराहून जास्त अर्ज मान्य झाले, पण पैसे होते फक्त १६ जणांपुरते. गांजाच्या करातून रक्कम अपेक्षेपेक्षा फार हळू जमत होती. जानेवारी २०२२ मध्ये सोडत काढली. बाईंचा नंबर पहिल्या सोळांत आला नाही. सोडतीची पद्धत मला तेव्हा पटली नाही आणि आजही पटत नाही. देणं मान्य केलं की ते नशिबावर सोडू नये, आणि ऐंशी-नव्वदीच्या माणसांच्या बाबतीत तर मुळीच नाही. वाट पाहता पाहता काही जण वारलेही.

बाईंची त्याहून मोठी तक्रार वेगळी होती. त्या भाडेकरू. घर नाही, कर्ज नाही, या वयात नवीन घर घ्यायची इच्छा नाही. मग २५,००० डॉलर मिळाले तरी वापरणार कुठे? पैसे तर त्यांच्या हातात येणारच नव्हते. ते बँकेला किंवा कंत्राटदाराला परस्पर जाणार होते. शहराचं म्हणणं, रोख दिलं तर त्यावर आयकर लागेल. योजनेविरुद्ध एकटं मत दिलं होतं ते सिसिली फ्लेमिंग यांनी. त्या स्वतः कृष्णवर्णीय. ही गृहनिर्माण योजना आहे, हिला भरपाई म्हणू नका, पैसे कसे वापरायचे ते लोकांना ठरवू द्या, असा त्यांचा मुद्दा होता. बाई अर्ज भरत होत्या आणि फ्लेमिंग यांचं म्हणणंही त्यांना शंभर टक्के मान्य होतं. ‘‘माझं देणं आहे ना? मग माझ्या हातात द्या. मी काय लहान मूल आहे?’’ असं त्या मला एकदा रागाने म्हणाल्या. आमच्याकडेही शिष्यवृत्तीपासून घरकुलापर्यंत हाच अविश्वास असतो, त्यामुळे मला त्यांचा राग आतून कळला.

त्यांच्यासारखे स्वतःचं घर नसलेले लोक परिषदेच्या सभांना जाऊन बोलत राहिले. मार्च २०२३ मध्ये परिषदेने रोख रकमेचा पर्याय मंजूर केला. त्याआधी नोव्हेंबर २०२२ मध्ये घरांच्या खरेदी-विक्रीवरच्या करातून आणखी १ कोटी डॉलर दहा वर्षांत द्यायचं ठरलं होतं, त्यामुळे रांग पुढे सरकली. बाईंचे पैसे आले, पूर्ण, त्यांच्या खात्यात. काही दातांच्या कामाला गेले, काही त्यांनी नातवाच्या घराच्या पहिल्या हप्त्यासाठी दिले. एवढ्याने त्यांच्या वडिलांचं आणि त्यांचं स्वतःचं नुकसान भरलं का, असं विचारलं तर त्या सरळ नाही म्हणतात. मीही नाहीच म्हणेन. ज्या घरासाठी कर्ज नाकारलं गेलं, त्या घराची आजची किंमत काढली तर २५,००० हा त्यातला लहानसा भाग आहे.

आपल्या मराठी मंडळींच्या गप्पांत हा विषय निघाला की एक वाक्य हमखास येतं: आम्ही तर काल आलो, आमचा काय संबंध? मी त्यांना दोन गोष्टी सांगते. १९६५ च्या ज्या कायद्याने भारतीयांना इथलं दार उघडलं, तो नागरी हक्कांच्या चळवळीने बदलून टाकलेल्या हवेतच मंजूर झाला. ती चळवळ बाईंसारख्यांनी केली, आपण नाही. आणि देणं शहराचं आहे. मी या शहराचे रस्ते, शाळा, ग्रंथालय वापरते, त्याची जुनी कर्जं माझ्या करातून फिटतात, तेव्हा मी कधी आले हे कुणी विचारत नाही. मग एवढ्या एका देण्याच्या वेळी ते का विचारायचं?

बाईंच्या मुलीचा अर्ज वंशजांच्या यादीत आहे. मे २०२४ मध्ये ‘ज्युडिशियल वॉच’ या संस्थेने योजनेविरुद्ध केंद्रीय न्यायालयात दावा लावला. वंश पाहून पैसे देणं समान संरक्षणाच्या तत्त्वाविरुद्ध आहे, असं त्यांचं म्हणणं. वंश पाहूनच नकाशा रंगवला गेला, मग नुकसान मोजताना वंश कसा वगळणार, हे माझं उत्तर. मुलीच्या फाईलला आईचं मंजुरीपत्र आणि १९६४ च्या जन्मदाखल्याची पूर्ण प्रत जोडलेली आहे. १९५० ची जनगणना २०२२ मध्ये खुली झाल्यावर त्यात आजी-आजोबांचं एव्हन्स्टनमधलं घरही सापडलं, तेही पान आम्ही जोडून ठेवलं आहे. कुणी काही मागितलं तर लगेच देता येईल.