हिमगौरीला गप्प कुणी केलं?

जर्मनीतल्या कासेलमध्ये राहणाऱ्या माणसाची ग्रिमबंधूंपासून सुटका नाही. याकोब आणि विल्हेल्म इथेच शाळेत गेले, इथल्याच ग्रंथालयात नोकरीला लागले आणि १८१२ साली त्यांच्या परीकथांचा पहिला खंड निघाला तेव्हाही ते इथेच राहत होते. २०१५ साली त्यांच्यासाठी नवं संग्रहालय उघडलं. त्यांनी स्वतःच्या हातानं खाडाखोड केलेल्या प्रती युनेस्कोच्या जागतिक स्मृतिठेव्याच्या यादीत आहेत. त्या खाडाखोडीविषयीच आज लिहायचं आहे, कारण मायदेशातून मित्रमैत्रिणींचे जे वैतागलेले निरोप येतात त्यांचं उत्तर तिथंच सापडतं.

परीकथा आजच्या विचारांप्रमाणे बदलून सांगतात त्यावर हे निरोप असतात, आणि साधारण एकाच सुरातले. हिमगौरीला राजपुत्रानं झोपेत चुंबन दिलं तर म्हणे तिची परवानगी कुठे होती! काय खूळ आहे, मूळ गोष्टीला कशाला हात लावायचा?

मूळ गोष्टीत चुंबन नाहीच. ग्रिमांच्या १८१२ च्या पुस्तकात राजपुत्र काचेची शवपेटी आपल्या महालात घेऊन जातो. तो जाईल तिथं ती उचलून न्यावी लागते म्हणून नोकर वैतागतात आणि त्यांतला एक रागाच्या भरात हिमगौरीच्या पाठीत धपाटा घालतो. घशात अडकलेला सफरचंदाचा तुकडा बाहेर पडतो, ती जागी होते. पुढच्या आवृत्तीत धपाटा गेला आणि पेटी वाहणारे अडखळतात असं झालं. चुंबन आलं ते १९३७ च्या डिस्नेपटातून. म्हणजे ज्या 'मूळ' गोष्टीसाठी लोक भांडताहेत ती एका चित्रपटाची देणगी आहे. (धपाट्यानं जागी होणारी हिमगौरी मला जास्त आवडते. त्यात निदान कुणाचा आव तरी नाही.)

याच गोष्टीत १८१२ साली हिमगौरीच्या जिवावर उठलेली बाई तिची सख्खी आई आहे. १८१९ च्या आवृत्तीत ती सावत्र झाली. हेन्सेल आणि ग्रेटेलला जंगलात सोडून यायला सांगणारी बाईसुद्धा आधी त्यांची आईच होती, तिला सावत्रपण पुढे चिकटवलं गेलं. आई म्हणजे मायेची मूर्ती, तिनं पोटच्या पोरांचं वाईट चिंतलेलं घरात वाचायच्या पुस्तकात कसं चालेल? मग पाप कुणाच्या तरी माथी मारायला हवं. ते सावत्र आईच्या माथी बसलं आणि आजही जगभरच्या सावत्र आया तो हिशेब चुकता करताहेत. मनोऱ्यात कोंडलेल्या, केसांच्या दोरानं माणसं वर ओढून घेणाऱ्या रापुन्झेलचंही तसंच. पहिल्या आवृत्तीत ती कोंडून ठेवणाऱ्या म्हातारीला भाबडेपणानं विचारते, माझे कपडे आताशा घट्ट का होऊ लागलेत? मोठ्यांना काय ते कळतं. हे लहान मुलांच्या हातात द्यायचं पुस्तक नव्हे अशी टीका झाली, तेव्हा विल्हेल्मनं तो प्रश्न काढला. नंतरची रापुन्झेल म्हणते, राजपुत्रापेक्षा तुम्हाला वर ओढणं इतकं जड का जातं? गरोदर मुलगी गेली आणि जरा मठ्ठ मुलगी आली.

१८१२ ते १८५७ या काळात पुस्तकाच्या सात मोठ्या आवृत्त्या निघाल्या आणि विल्हेल्मची लेखणी थांबली नाही. रूथ बॉटिगहायमर या अमेरिकन अभ्यासक बाईंनी या आवृत्त्या शेजारी ठेवून एक साधी गोष्ट तपासली, की गोष्टीत स्वतःच्या तोंडानं कोण बोलतं. आवृत्तीगणिक गुणी मुलींची वाक्यं कमी होत गेली. सिंड्रेलासुद्धा पहिल्या आवृत्तीत जेवढी बोलते तेवढी शेवटच्या आवृत्तीत बोलत नाही. तोंड वाजतं ते चेटकिणींचं आणि दुष्ट बायकांचं. चांगली मुलगी म्हणजे न बोलणारी मुलगी हे समीकरण कुठल्या आदिम लोकपरंपरेतून आलेलं नाही. ते एकोणिसाव्या शतकातल्या सुशिक्षित मध्यमवर्गीय घराच्या दिवाणखान्यात तयार झालं, आणि आपण त्यालाच 'प्राचीन' समजून बसलो.

यातली गंमत अशी, की या गोष्टी बंधूंना सांगितल्या त्या मुख्यतः बायकांनी. हासेनफ्लुग घरातल्या शिकलेल्या, फ्रेंच वळणाच्या मुलींनी आणि शेजारच्या वील्ड घराण्यातल्या मुलींनी. त्यांतल्या डोर्टशेनशी विल्हेल्मनं पुढे लग्नच केलं. आणि डोरोथेआ फीमान. कासेलजवळच्या खेड्यातली शिंप्याची बायको, खानावळवाल्याची मुलगी, शहरात भाजीपाला विकायला यायची. विल्हेल्मनं प्रस्तावनेत तिचं तोंड भरून कौतुक केलंय. तिनं सांगितलेली एक गोष्ट म्हणजे शहाण्या शेतकरीकन्येची. राजा म्हणतो, माझ्याकडे ये, पण नागडी नको आणि कपडे घालूनही नको. स्वार होऊन नको आणि गाडीतूनही नको. ती मासे धरायचं जाळं गुंडाळून गाढवाच्या शेपटीला बांधून घेते आणि फरफटत हजर होते. पुढे राजा रागावून तिला घालवून देतो, जाताना तुला सर्वांत प्रिय असलेली एकच वस्तू ने म्हणतो. ती त्याला गुंगीचं पेय पाजते आणि त्यालाच उचलून माहेरी नेते. ही मुलगी दोनशे वर्षांपासून त्याच पुस्तकात बसलेली आहे. तिच्यावर डिस्नेनं चित्रपट काढलेला नाही एवढंच.

लाल टोपीवाल्या मुलीचंही तेच. फ्रान्समध्ये शार्ल पेरो या लेखकानं १६९७ साली गोष्ट छापली, तीत लांडगा मुलीला खातो आणि गोष्ट संपते; खाली तरुण मुलींसाठी सावधगिरीचं तात्पर्य. ग्रिमांनी सोडवायला शिकारी आणला. पण फ्रेंच खेड्यांतून नंतर नोंदवलेल्या तोंडी कथेत मुलगी लांडग्याला म्हणते, मला परसाकडे जायचंय. तो तिच्या पायाला दोर बांधून बाहेर सोडतो. ती दोर झाडाला बांधते आणि पळून जाते. ना शिकारी, ना तात्पर्य. इतकंच कशाला, खुद्द ग्रिमांच्या पुस्तकात गोष्टीला दुसरं शेपूट आहे. दुसरा लांडगा येतो तेव्हा आजी आणि नात दार लावून घेतात, सॉसेज शिजवलेलं पाणी बाहेरच्या दगडी डोणीत ओततात आणि वासानं छपरावरून घसरलेला लांडगा त्यात बुडून मरतो. मुलांच्या चित्रपुस्तकांत हे शेपूट सहसा छाटलेलं असतं. भोपळ्यात बसून वाघाला चकवणाऱ्या म्हातारीची गोष्ट ऐकत वाढलेल्या आपल्याला ही जर्मन आजी अजिबात परकी वाटणार नाही.

नव्या पिढीची नायिका म्हणून जे मिरवलं जातं तेही तितकं नवं नाही. १९७३ चा एक चेकोस्लोव्हाक आणि पूर्व जर्मन सिंड्रेलापट इथे दर नाताळाला टीव्हीवर लागतो आणि घरंच्या घरं तो नेमानं बघतात. त्यातली सिंड्रेला घोडा दौडवते, राजपुत्रापेक्षा चांगला नेम धरते, आणि नृत्याच्या वेळी तो मी वधू निवडली म्हणून जाहीर करतो तेव्हा त्याला ऐकवते, की वधूला विचारायचं राहिलं. त्याचं चित्रण झालं तो ड्रेस्डेनजवळचा मोरित्झबुर्गचा किल्ला हिवाळ्यात त्याच्या चाहत्यांनी भरतो. हे बघत मोठ्या झालेल्या आज्या आता नातींना घेऊन बसतात.

तरीही सगळी नवी पुनर्कथनं मला आवडतात असं नाही. नोव्हेंबरच्या तिसऱ्या शुक्रवारी इथे देशभर मुलांना मोठ्यानं वाचून दाखवायचा दिवस असतो. शाळांत पालकांनाही बोलावतात. त्यासाठी 'धाडसी मुलीची' पुस्तकं चाळली, तर बऱ्याच पुस्तकांत राजपुत्राची तलवार काढून राजकन्येच्या हातात दिली होती आणि काम संपलं होतं. तिला भीतीच वाटत नाही. ज्याला भीती वाटत नाही त्याची गोष्ट ग्रिमांकडे आहे, आणि तो विनोद आहे: एक मुलगा भीती कशी असते ते शिकायला बाहेर पडतो, भुतांबरोबर खेळतो, फासावरची प्रेतं शेकोटीशी आणून बसवतो, आणि शेवटी बायको त्याच्या अंथरुणात गार पाण्यासकट मासळ्या ओतते तेव्हा कुठे तो शहारतो. ग्रेटेल मात्र रडते, घाबरते, आणि तशीच चेटकिणीला भट्टीत ढकलते. तिची भीती काढून घेतली तर त्या ढकलण्यात काय उरलं?

शिवाय मुलग्यांचं काय, हा प्रश्न कुणी फारसा विचारत नाही. राजपुत्र हा या सगळ्या कथांमधला सर्वांत पोकळ माणूस. तो येतो, बघतो, लग्न करतो. नव्या पुस्तकांत तो बावळट झालाय, म्हणजे पोकळीत फक्त हसू भरलंय. मी वर्गात ती भीती शिकणाऱ्या मुलाची गोष्ट वाचली. अंथरुणातल्या मासळ्यांपाशी मुली आणि मुलगे सारखेच किंचाळले.

तुमच्याकडे ग्रिमांचं पूर्ण भाषांतर हाती लागलं, तर शहाणी शेतकरीकन्या ९४ क्रमांकावर आहे. ४६ क्रमांकाची पण वाचा. जादूगारानं तुकडे केलेल्या बहिणींना धाकटी पुन्हा जोडून जिवंत करते, त्यालाच टोपलीतून त्यांना घरी पोचवायला लावते आणि स्वतः अंगाला मध फासून पिसांत लोळून पक्षी बनून निसटते. रक्त बरंच आहे, तेव्हा आधी एकट्यानं वाचा आणि मग ठरवा.